वहीत राहिलेली गाणी



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालली होती. बचतीचा हिशेब लिहायचा होता, आणि घाईघाईत एकीने पिशवीतून भलतीच वही काढून पुढे केली. पहिली दोन पानं वाणसामानाची, आणि पुढे सगळ्या ओव्या. बारीक अक्षरात, खाडाखोड केलेल्या, स्वतः रचलेल्या. आम्ही वाचायच्या आत तिने वही ओढून घेतली. "काही नाही गं, असंच आपलं," म्हणाली. चेहरा असा झाला होता की जणू चोरी पकडली गेली. बैठक संपली तरी आमच्या डोक्यातून ते "असंच आपलं" जाईना. म्हणून आज बोलायचं ठरवलं ते एका जुन्या वहीबद्दल.

ती वही जळगावची. बहिणाबाई चौधरींचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, पोरांच्या पुस्तकात त्यांच्या कविता असतात. जन्म 1880 चा, जळगावजवळच्या असोद्याचा. माहेर महाजनांचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या, आणि तिशीतच नवरा गेला. तीन लेकरं, शेती, घरातली भांडणं, दुष्काळ, रोगराई, सगळं अंगावर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षर येत नव्हतं. पण पेरणी करताना, दळताना, घरात वावरताना त्यांच्या तोंडून गाणं निघायचं. सुगरणीचा खोपा, मोट, मळणी, मन, सासर-माहेर, जे समोर येईल त्याचं गाणं. आणि भाषा कुठली? घरातली, शेतातली, खानदेशी वळणाची. पुस्तकात शोभावी म्हणून त्यांनी एक शब्द बदलला नाही.

आता नीट बघा. बहिणाबाई काही लपवत नव्हत्या. शेजारीण ऐकायची, लेकरं ऐकायची, कामावरच्या बाया ऐकायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव शिकला, पुढे नावाजलेला कवी झाला. त्याने आणि एका मावसभावाने आईची गाणी ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतली. जेवढी उतरवली तेवढीच राहिली. बाकीची वाऱ्यावर गेली, आणि ती किती होती हे आता कोण सांगणार?

गंमत अशी, की अडखळला तो शिकलेला मुलगा. स्वतःच्या कविता चारचौघांत म्हणणारा माणूस, पण आईची ही गावंढळ बोलीतली गाणी मोठ्या साहित्यिकांपुढे कशी न्यायची, याचा त्याला संकोच. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. आपलीच पोरं शहरातले मित्र घरी आले की आपल्याला "आई, जरा नीट बोल" म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनातही तेच असतं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली. अत्रे भारावून गेले. हे सोनं आहे, ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, अशा अर्थाचं ते बोलले आणि छापायचा आग्रहच धरला. 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. पण पुस्तक हातात घ्यायला त्या नव्हत्या. लोक आपल्या गाण्याला काय म्हणतात, हे त्यांना कधी कळलंच नाही. आम्हाला राहून राहून तेच लागतं.

कुणी म्हणेल, मग सगळं उघडं करून टाकावं. एवढं सोपं नाही ते. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं कथांचं पुस्तक आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लेखिकेचं नाव छापलेलं, विभावरी शिरूरकर. ते टोपणनाव होतं. केवढा गदारोळ झाला! ही बाई आहे तरी कोण, याचीच चर्चा. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. नाव झाकलं म्हणून लिहिता आलं, आणि लिहिलं म्हणून पुढच्या बायकांची वाट थोडी मोकळी झाली. तेव्हा नाव झाकणं म्हणजे भित्रेपणा, असं आम्ही तरी म्हणणार नाही. पण मालतीबाईंनी झाकलं ते नाव. लिहिलेलं त्यांनी छापायला दिलं.

आपल्या जात्याचंही तसंच होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायचा, आणि जे सासूपुढे बोलता येत नाही ते ओवीत बोलायचं. भाऊ, माहेर, नवऱ्याचा मार, विठ्ठल, सगळं त्यात. घर झोपेत असायचं, पण जातं बंद खोलीत नव्हतं. पलीकडची ऐकायची आणि पुढची ओवी जोडायची. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. कष्ट वाचले, चांगलंच झालं, पुन्हा जातं ओढायला आमच्यातली एकही तयार होणार नाही. पण बसायची ती जागा गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावांतून फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि गाणारणीचं नाव, गाव यांचीही नोंद ठेवली. म्हणजे "असंच आपलं" म्हणणाऱ्या बायांची नावं त्यांच्या ओव्यांशेजारी लिहिलेली आहेत.

आमच्याच गावात एक आजी होती. लग्नाच्या हळदीला तिच्याशिवाय चालायचं नाही, नवरीचं नाव-गाव बघून तिथल्या तिथे गाणं जुळवायची. रेडिओवर ये म्हणून आम्ही दोन वर्षं मागे लागलो. "माझं काय घेता, खुळं गाणं," म्हणत टाळत राहिली. शेवटी एका दुपारी आली, चार गाणी भरून घेतली, पाचव्याला खोकला लागला. "उरलेली पुढच्या खेपेला," म्हणाली. पुढची खेप आली नाही. चार गाणी आहेत आमच्याकडे.

वहीवालीला आम्ही हे सगळं सांगितलं. ती लगेच काही बोलली नाही. आठ दिवसांनी घरी आली, चहा प्यायली, आणि वहीतल्या दोन ओव्या म्हणून दाखवल्या, दार लोटून घेऊन. एक माहेरच्या विहिरीवर होती. दुसरी कशावर होती ते तिने सांगू नका म्हटलंय. पहिली रेडिओवर म्हणायला ती तयार आहे, नाव न सांगता, नुसतं गाव सांगून. येत्या गुरुवारी दुपारी लावणार आहोत. ऐका.