परक्या किनाऱ्यावरचा मुक्काम

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपण बहुधा प्रवासाचा विचार करतो, मुक्कामाचा करीत नाही. लेखक कोठून निघाला, त्याने काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले, याची चर्चा होते. रात्री तो कोणाच्या भूमीवर झोपला आणि त्याला तेथे कोणी झोपू दिले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. हा प्रश्न टाळणे ज्या वाहनाच्या इतिहासात अशक्य होते, अशा एका होडीविषयी येथे लिहावयाचे आहे. ती होडी म्हणजे कयाक.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात परदेशी प्रवासी कयाक घेऊन चार-पाच दिवसांच्या सफरीवर निघतात. तंबू, शिधा आणि गोडे पाणी होडीच्या पोटात भरलेले असते. दिवसभर दुहेरी पात्याचे वल्हे मारायचे आणि संध्याकाळी एखाद्या बेटावर उतरून तंबू ठोकायचा, असा त्यांचा क्रम. या मुक्कामामागे हौस आहे, तशी अपरिहार्यताही आहे. कयाकमध्ये बसता येते, आडवे होता येत नाही. म्हणून ही होडी घेऊन निघालेल्या माणसाला रोज संध्याकाळी कोठल्या तरी किनाऱ्याच्या आश्रयाला जावेच लागते. कयाकच्या प्रवासाचा इतिहास समुद्रापेक्षा किनाऱ्यांचाच अधिक आहे, असे म्हणावयाचे ते यामुळे.

मुळात ही होडी सफरीसाठी जन्मलीच नव्हती. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात इन्युइट आणि त्यांच्या शेजारच्या समाजांनी ती शिकारीसाठी घडवली. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, अशी तिची रचना. ती शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. सतत पाण्यात राहिले की कातडे भिजून जड होई, म्हणून होडी वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून वाळवावी लागे. शिकार घेऊन घरी परतणे हाच तिचा हेतू. परतण्यासाठी केलेली ही होडी परक्या किनाऱ्याला लागली तेव्हा काय घडले, याची एक नोंद स्कॉटलंडमध्ये आहे.

1680च्या दशकात ऑर्क्नी बेटांजवळ लोकांना अशा होड्यांतून एकटे वल्हवणारे पुरुष दिसल्याचे जेम्स वॉलेस या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. त्यांचे पुस्तक 1693 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अॅबर्डीनजवळ अशीच एक होडी मिळाली. 1760 मध्ये तेथे गेलेल्या फ्रान्सिस गॅस्ट्रेल या पाद्र्याने आपल्या दैनंदिनीत तिची हकीकत नोंदवली. सुमारे बत्तीस वर्षांपूर्वी ती डॉन नदीत आली होती. तिच्यात एक माणूस होता. त्याची भाषा तेथे कोणालाच समजली नाही. शुश्रूषा करूनही तो तीनच दिवस जगला. ती होडी आजही अॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

तो एवढ्या दूर आला कसा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भिजणाऱ्या कातड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडणे जवळजवळ अशक्य, हा आक्षेप सबळ आहे. दुसरीकडे, ग्रीनलंडहून माणसे पळवून आणण्याची युरोपीय जहाजांची रीत इतिहासाला ठाऊक आहे. 1605 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेने अशी माणसे कोपनहेगनला नेली होती. 1654 मध्ये नेलेल्या चौघांचे चित्र बर्गन येथे रंगवले गेले, ते आज डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अॅबर्डीनचा तो माणूस अशाच एखाद्या जहाजावरून सुटलेला असावा, असा एक तर्क केला जातो. त्याच्या शेवटच्या तीन दिवसांत तो काही बोलला असेलच. घराविषयी, जहाजाविषयी, समुद्राविषयी. किनाऱ्याने त्याला अंथरूण दिले, पण दुभाषी त्याच्याजवळ नव्हता. प्रवासवर्णनाच्या इतिहासात न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचे एक दालन मानायचे ठरवले, तर तेथे पहिला मान या माणसाचा.

या घटनेनंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर कयाक करमणुकीची झाली. जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलाने 1865 मध्ये ओकच्या फळ्यांची, कयाकच्या धर्तीची 'रॉब रॉय' ही होडी बांधून घेतली आणि र्‍हाइन, डॅन्यूब अशा नद्यांमधून व स्वित्झर्लंडच्या सरोवरांमधून ती फिरवली. 1866 मधले त्याचे पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले. त्याच्या होडीवर ब्रिटनचा छोटा झेंडा फडकत असे. गावोगावी लोक गर्दी करून होडी पाहत. तो खाणावळीत उतरे आणि सकाळी पुढे निघे. त्याच्या आनंदी निवेदनामागे हे सहज मिळणारे अंथरूण आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनला मात्र याची जाणीव झाली. 1876 मध्ये तो आणि त्याचा मित्र वॉल्टर सिम्प्सन दोन छोट्या होड्यांतून बेल्जियम व फ्रान्सच्या जलमार्गांनी गेले. 1878 चे 'अॅन इनलँड व्हॉयेज' हे त्याचे पहिले पुस्तक याच प्रवासाचे. ला फेर या गावी मळकट कपड्यांतल्या या दोघांना फेरीवाले समजून खाणावळीच्या मालकिणीने दारातून परत पाठवले. सुखवस्तू घरातल्या तरुणाला एका रात्रीपुरते कळले की अंथरूण मिळणे हे आपल्या दिसण्यावर ठरते. ते पुस्तक आजही वाचावेसे वाटते, याचे एक कारण हा प्रसंग आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडीची कयाक तयार झाली. ती पिशवीत घालून रेल्वेने नेता येई. अशीच एक होडी घेऊन ऑस्कर स्पेक हा पंचविशीतला जर्मन तरुण 1932 मध्ये उल्म येथून डॅन्यूबमध्ये उतरला. मंदीत काम गेले होते. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत नोकरी शोधावी, एवढाच त्याचा बेत होता. सायप्रसला पोहोचल्यावर तो थांबला नाही. युफ्रेटिस, इराणचे आखात, मग कराचीकडून भारताचा पश्चिम किनारा धरून तो 1935 मध्ये श्रीलंकेला पोहोचला. म्हणजे आपल्या कोकणासमोरूनच तो गेला. मलेरियाने त्याला वारंवार गाठले. होड्या निकामी होत, आणि जर्मनीतून नव्या मागवाव्या लागत. डच ईस्ट इंडीजमधल्या लाकोर बेटावर त्याला बांधून मारहाण झाली, त्यात त्याच्या कानाचा पडदा फाटला. सप्टेंबर 1939 मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या साइबाई बेटाला लागला, तेव्हा होडीवर स्वस्तिकाचे निशाण होते आणि युद्ध सुरू झालेले होते. पोलिसांनी आधी हस्तांदोलन करून त्याचे अभिनंदन केले आणि मग त्याला अटक केली, असे सांगतात. 1946 पर्यंत तो नजरकैदेत होता. पुढे तो ऑस्ट्रेलियातच राहिला आणि ओपल रत्नांच्या व्यवसायात स्थिरावला. त्याच्या प्रवासातील वस्तू सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत.

स्पेकची गोष्ट साहसकथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तीत मॅक्ग्रेगरच्या झेंड्याचे दुसरे टोकही दिसते. निशाणामुळे एकाचे स्वागत झाले, दुसरा कैदेत गेला. अॅबर्डीनच्या माणसाजवळ तर निशाणही नव्हते. वल्हे तेच, समुद्रही तसाच. किनारा वेगळा वागला.

नॉर्वेच्या 1957 च्या कायद्याने परक्या माणसालाही पडीक, मोकळ्या जमिनीवर, वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर, दोन रात्री विनापरवाना तंबू ठोकण्याचा हक्क मान्य केलेला आहे. एका जुन्या लोकरूढीला त्याने कायद्याचे रूप दिले. आजच्या कयाकवाल्या प्रवाशाची शांत झोप या कायद्यावर जेवढी उभी आहे, तेवढीच त्याच्या खिशातल्या पारपत्रावर. त्या झोपेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या वेळी एखादे प्रवासवर्णन वर्गात काढले, की लेखकाच्या नजरेबरोबर त्याच्या अंथरुणाचीही चौकशी करावी. ते कोणी दिले? कोणाला दिले नसते? आणि अंथरूण मिळूनही ज्याचे बोलणे कोणाला समजले नाही, त्याच्यासाठी आपल्या अभ्यासक्रमात जागा कोठे आहे?