मासा परत पाण्यात, होडी मात्र लाख डॉलरची

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘बॅस’ नावाच्या गोड्या पाण्यातील माशासाठी खास होड्या बनतात. अॅल्युमिनियमची साधी ‘बॅस बोट’ पंधरा-वीस हजार डॉलरच्या आसपास मिळते. तेवढ्याच दोन माणसांना घेऊन, त्याच तलावात, त्याच माशामागे जाणारी दुसरी होडी लाख डॉलरच्याही पुढे जाते. कोकणातला खलाशी होडीचा खर्च जाळ्यात येणाऱ्या मासळीतून वसूल करतो. इथे मासा तोलून परत पाण्यात सोडला जातो. मग हे मूल्य कशाचे?

आरंभी असा फरक नव्हताच. १९४८ साली लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड याने ‘स्कीटर’ ही अरुंद, सपाट तळाची प्लायवुडची होडी घडवली. बॅस बोटीच्या इतिहासात पहिला मान सहसा तिला दिला जातो. झाडोऱ्यात आणि उथळ पाण्यात बसल्या जागेवरून गळ टाकता यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. वेगाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न धरणांनी निर्माण केला. १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढच्या तीन-चार दशकांत दक्षिणेतील नद्या एकामागून एक अडवल्या गेल्या. टेक्सास-लुइझियाना सीमेवरील टोलेडो बेंड जलाशय सुमारे १,८५,००० एकरांचा, म्हणजे बृहन्मुंबईहूनही मोठा. बुडालेली जंगले, जुने रस्ते, नदीची मूळ पात्रे अशा जागी बॅस दबा धरून बसतो. आणि अशा दोन जागांमध्ये कित्येक मैलांचे उघडे पाणी असू शकते.

तरीही सुटीच्या दिवशी मासे धरणाऱ्याला घाई कसली? घाई आणली ती रे स्कॉट या अलाबामाच्या विमा-विक्रेत्याने. जून १९६७ मध्ये त्याने आर्कान्सामधील बीव्हर लेकवर शंभर डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा भरवली. १०६ स्पर्धक आले. टेनेसीचा स्टॅन स्लोन जिंकला. पुढच्याच वर्षी स्कॉटने ‘बॅस अँगलर्स स्पोर्ट्‌समन सोसायटी’ स्थापली, आणि १९७१ च्या पहिल्या ‘बॅसमास्टर क्लासिक’मध्ये बॉबी मरी याने दहा हजार डॉलर मिळवले. नियम वरवर साधा होता: ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचे, ठरलेल्या वेळेत वजनकाट्यावर परतायचे, उशीर झाला तर दंड. या एका नियमाने मासेमारीची शर्यत झाली. प्रवासात वाचलेली अर्धी घटका म्हणजे गळ टाकायला मिळालेली अर्धी घटका. महागड्या होडीची किंमत मुळात या अर्ध्या घटकेची आहे.

ही गरज ओळखली फॉरेस्ट वुड याने. नदीवर पाहुण्यांना मासेमारीला नेणारा हा वाटाड्या स्वतःही स्कॉटच्या स्पर्धांत उतरत असे. १९६८ मध्ये आर्कान्सातील फ्लिपिन या छोट्याशा गावात त्याने ‘रेंजर’ होड्या बांधायला घेतल्या. पहिल्या वर्षी अवघ्या सहा झाल्या. १९७१ मध्ये कारखाना जळाला. वुडने तो पुन्हा उभा केला.

या होड्या फायबरग्लासच्या, आणि त्यांचे बांधकाम उलट्या क्रमाने चालते. साच्याच्या आतल्या अंगाला आधी चकाकता रंग फवारतात, मग त्यामागे काचतंतूंचे थर आणि रेझिन. म्हणजे रंग आधी, होडी नंतर! काचतंतूंचे कापड हाताने थरावर थर बसवायचे की तंतूंचे तुकडे रेझिनसह यंत्राने फवारून मोकळे व्हायचे, इथेच किमतीची वाट फुटते. पहिल्या पद्धतीत मजुरी आणि कौशल्य अधिक. दुसरी झटपट, परंतु तेवढ्याच बळकटीसाठी जाड आणि जड थर मागणारी. मोटार ज्या मागच्या भिंतीवर टांगतात तीही तशीच. प्लायवुड स्वस्त पडते, मात्र स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की ते आतून कुजू लागते. विक्रीच्या दालनात दोन्ही होड्या सारख्याच चमकतात. खरा फरक दहा वर्षांनी दिसतो.

साच्यामुळे तळाला हवा तो आकार देता येतो. वेगवान होडीच्या तळाशी मागच्या बाजूला एक अरुंद सपाट पट्टी असते. वेग वाढला की सारी होडी उचलली जाऊन जवळजवळ त्या पट्टीवरच धावते. अशा होड्या ताशी ११० किलोमीटरचा वेग गाठतात. त्यासाठी २५० अश्वशक्तीची मोटार लागते, जिची किंमतच पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात. मोटार मोठी म्हणून तळ भक्कम, तळ भक्कम म्हणून वजन अधिक, वजन अधिक म्हणून ट्रेलरही दणकट. त्यातच १९७२ पासून स्कॉटने मासे जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. तेव्हापासून पंप लावून हवा खेळवलेली पाण्याची टाकी होडीचा अटळ भाग बनली. माशाला जगवण्याचा खर्चही असा होडीवर चढला.

दुसऱ्या टोकाला जॉनी मॉरिस उभा आहे. ‘बास प्रो शॉप्स’च्या या संस्थापकाने १९७८ मध्ये अॅल्युमिनियमची ‘बास ट्रॅकर’ बाजारात आणली: होडी, मोटार आणि ट्रेलर मिळून २,९९५ डॉलर. तोवर ग्राहक या तिन्ही वस्तू सहसा वेगवेगळ्या जुळवत असे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला फायबरग्लाससारखी वळणे देता येत नाहीत आणि लाटांवर अशी होडी आदळते. पण ती हलकी असते, लहान मोटारीवर चालते, साध्या गाडीमागे ओढता येते. सामान्य कारागिराला जलाशयावर आणण्याचे श्रेय वुडच्या वेगापेक्षा मॉरिसच्या या एकरकमी किमतीला अधिक द्यावे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये मॉरिसच्या कंपनीने रेंजरच विकत घेण्याचा करार जाहीर केला. स्वस्त आणि महाग अशी दोन्ही टोके एकाच मालकाकडे आली, दरी मात्र बुजली नाही.

उलट ती रुंदावली. २०१८ मध्ये गार्मिनचे ‘लाइव्हस्कोप’ आले आणि पाण्याखालचा मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. आता अव्वल स्पर्धकांच्या होडीवर चार-पाच पडदे असतात. त्यांच्या नि संवेदकांच्या खर्चात एक साधी अॅल्युमिनियमची होडी मोटारीसह घेता येईल. नामवंतांना प्रायोजक होड्या पुरवतात. प्रायोजक न मिळालेला तरुण पंधरा-वीस वर्षांचे कर्ज काढतो किंवा दुसऱ्याच्या होडीत मागे बसून ‘सहस्पर्धक’ म्हणून उतरतो. होडी कुठे न्यायची हे तिचा मालक ठरवतो.

२०२० मध्ये बॅसमास्टरने कायाकवरून खेळायची वेगळी मालिका सुरू केली. तिथे २५० अश्वशक्तीची मोटार नाही, ट्रेलरसाठी मोठी गाडीही लागत नाही. पण पायडल आणि ध्वनिलहरींच्या पडद्याने सजवलेल्या उत्तम कायाकची किंमत आज पाच हजार डॉलरपुढे जाते. १९७८ ची ट्रॅकर मोटार-ट्रेलरसह त्याहून कमी आकड्याला मिळत होती.