शिळं कशाला म्हणायचं?

येवल्यातून शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्या मनमाड–अहिल्यानगर रस्त्यावर चहापाण्याला थांबतात. तिथल्या काही दुकानांत आता आइस्क्रीमच्या शेजारी गोठवलेले पराठे, पफ आणि सँडविचं दिसतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की दुकानदार पाकीट फोडतो, मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो आणि दोन मिनिटांत वाफाळतं सँडविच हातात देतो. तीच पाकिटं हळूहळू गावातल्या घरांच्या फ्रिजातही पोचली आहेत. त्यांच्याविषयी गावात एक मत पक्कं झालं आहे: हे शिळं अन्न आहे, आळशी बाईचं अन्न आहे, आणि ते घरात आलं की घरपण गेलं. हे मत मी हळदीकुंकवात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, शिकलेल्या माणसांच्या तोंडून तर फार ऐकलं. ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते मला सविस्तर सांगायचं आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून त्याचा सर्वांत जोरकस मुद्दा आधी सांगते. ज्या गावाची ओळख हाताने विणलेल्या पैठणीवर उभी आहे, महिनोन्‌महिने एका पदरावर बसण्याची ज्याची परंपरा आहे, त्या गावाने दोन मिनिटांच्या जेवणाला भुलावं हे आपल्याच मूल्यांशी विसंगत आहे, असं म्हणतात. हा मुद्दा मला खरोखर भिडतो. त्याचं उत्तर शेवटी नाही, मधोमध देणार आहे, कारण सगळा वाद तिथेच आहे. पण त्याआधी ‘शिळं’ हा शब्द.

शिळं म्हणजे आधी शिजवून ठेवलेलं, अशी व्याख्या केली तर तिच्यात अतिव्याप्तीचा दोष येतो. त्या व्याख्येत होळीच्या दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी येते, सकाळी सातला भरलेला आणि दुपारी एकला उघडलेला डबा येतो, प्रवासाला बांधलेल्या दशम्या येतात. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, ते कशासाठी? ती दोन-तीन दिवस मऊ राहावी, वाटेत चूल मांडावी लागू नये म्हणून. भूक लागेल तेव्हा कुणी रांधत बसायला नको, यासाठी श्रम आधीच करून ठेवायचे, हीच त्या दशमीमागची अक्कल आहे आणि तीच पाकिटातल्या सँडविचमागची आहे.

शास्त्राधार देणारे गीतेच्या सतराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे तामस आहारात ‘यातयाम’ आणि ‘पर्युषित’ अन्न मोजलं आहे. यातयाम म्हणजे प्रहर उलटलेलं, असा सरळ अर्थ घेतला तर तीन तासांपूर्वीचा वरणभातही तामस ठरतो. शंकराचार्यांनी मात्र भाष्यात यातयामचा अर्थ अर्धवट शिजलेलं असा केला आहे, कारण कस गेलेल्या अन्नासाठी पुढचा ‘गतरस’ शब्द आहेच. म्हणजे ज्या शब्दाच्या आधारावर शेजारणीच्या फ्रिजाला नावं ठेवायची, त्याचा अर्थच एकमताचा नाही. मनुस्मृतीचा आधार मी स्वतः घेत नाही, पण जे घेतात त्यांनी पाचवा अध्याय उघडून पाहावा: तुपातेलाने युक्त असलेलं शिळं अन्न खायला तिथे मुभा आहे.

आता पदार्थविज्ञान. पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट बांधले गेल्यामुळे. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती शून्याच्या थोडं वरच्या तापमानाला, म्हणजे आपण पाव ठेवतो त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. जंतूंची वाढही तिथे थांबते. टोपलीतला दोन दिवसांचा पाव आणि महिनाभर नीट गोठवलेला पाव समोर ठेवले, तर शिळेपणाचा आरोप टोपलीतल्या पावावर जास्त बसतो. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी लॅब्राडोरच्या थंडीत मासे झटकन गोठलेले पाहिले. वितळल्यावरही त्यांची चव टिकते हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९२० च्या दशकात त्यांनी जलद गोठवण्याचं तंत्र उभं केलं. वेगाने गोठवलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि अन्नाची वीण फाटत नाही. त्यात गूढ काही नाही.

आणि साठवणीला नावं ठेवणारे आपण कोण? येवला तालुक्यातला शेतकरी एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा काढतो, चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत जपतो. त्या कांद्याला कुणी शिळा म्हणत नाही. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे, शेवया वाळतात, त्या वर्षभर पुरतात. पाणी उन्हाने काढून घेतलं की वाळवण होतं, पाणी थंडीने अडवून ठेवलं की गोठवण होतं. दोन्हींत जंतूंना पाणी मिळू द्यायचं नाही हेच तत्त्व आहे. ज्या बाईने तिशीत शंभर कुरडया घातल्या, तिने साठीत मटार सोलून फ्रीझरात ठेवले तर ती त्याच परंपरेतली आहे.

मायक्रोवेव्हने अन्नात विष येतं, ही समजूत थोडक्यात निकालात काढते. रडारवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि १९४५ साली या भट्टीची कल्पना निघाली. तिच्या लहरी २४५० मेगाहर्ट्‌झच्या असतात. त्यांची ऊर्जा आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापेक्षाही फार कमी. त्या अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात, अन्न तापतं, बस.

आता तो पैठणीचा मुद्दा.

आमच्या घरात माग होता. वडील मागावर बसायचे. आई पहाटे भाकरी थापायची, मग रहाटावर कांड्या भरायची, मग पदराला वडिलांच्या शेजारी बसायची. पदरातला मोर विणताना रंगागणिक वेगळी तिल्ली, धागे मोजत पुढे जायचं. मोर अर्धा असताना उठलं की मोजणी चुकते आणि चुकलेलं उसवावं लागतं. तरीही अकरा वाजले की आई उठायची, कारण चूल तिची होती. वडील मागावरच असायचे. त्या वेळी मला ते नैसर्गिक वाटायचं. आज मला ते अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय आईनेही कधी बोलून दाखवला नाही याचं दुःख होतं.

त्याच मागावर रेशीम कुठून यायचं? बंगळूरकडून. जर? सुरतेहून. वडिलांनी कधी कोष उकळून धागा काढला नाही, कधी जर ओढली नाही. धागा विकत घेतल्यामुळे पैठणी हातची राहत नाही असं गावात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. विणकराने आपला हात कुठे वापरायचा ते ठरवलं होतं: धोट्यावर, तिल्लीवर, पदरावर. बाकीचं दुसऱ्याच्या हाताने केलेलं त्याने घेतलं, आणि आपण त्याला कारागिरी म्हणतो. बाईने हाच हिशेब स्वयंपाकघरात केला, एका संध्याकाळचा पाव-भाजीचा भाग दुसऱ्याच्या हातून घेतला आणि आपला हात मागावर किंवा मुलाच्या अभ्यासावर ठेवला, की त्याला आळस म्हणतात. एकाच तर्काचे दोन निकाल लागत असतील तर दोष तर्कात नसतो, निकाल देणाऱ्यात असतो.

हे मी केवळ भावनेने म्हणत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची २८९ मिनिटं झाली, पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईच्या वाट्याची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांनी तीसुद्धा उचलली नाहीत. त्यांचीही नऊ कमीच झाली. गोठवलेल्या सँडविचचं आकर्षण शोधायचं असेल तर जिभेवर शोधू नका. ते या मिनिटांत आहे. ते खाणाऱ्यालाही ठाऊक असतं की चव बेताची आहे. तो चवीचे पैसे देतच नाही, कुणाला तरी ओट्यापाशी उभं न करण्याचे पैसे देतो.

आणि ‘घरचं’ म्हणजे काय, याची रेघ सतत सरकत आली आहे. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा गिरणीचं पीठ जळकं, त्याच्या भाकरीला चव नाही, अशी कुरकुर झालीच. आज त्याच गिरणीच्या पिठाच्या भाकरीला आपण घरची भाकरी म्हणतो. पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, चुलीची गॅसने. पावाचं तर काय सांगावं! पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारे बाटले, अशी कथा गोवा-वसईकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. ज्या पावाने माणूस बाटतो असं मानलं गेलं, त्यात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा घातला, असं मानतात, आणि तो महाराष्ट्राचा अभिमान झाला. वडापाव हे आपलं सोयीचं सँडविचच आहे: पाव बेकरीचा, वडा गाडीवरचा, घरात काहीही शिजवलेलं नाही. त्याला आपण आळशांचं खाणं म्हणत नाही.

‘घरचं’ या शब्दाला आणखी एक इतिहास आहे आणि येवल्यात राहून तो टाळता येत नाही. शतकानुशतकं आपल्याकडे अन्नाची शुद्धता ते कुणी शिजवलं यावर ठरत होती. पाण्याचीही तशीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्या घोषणेशेजारी सँडविचचं पाकीट ठेवण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. एवढंच म्हणते की रेल्वेचा स्टॉल, इराण्याचं हॉटेल, बेकरी आणि आता हे पाकीट, यांनी स्वयंपाक्याची जात विचारण्याची सोयच ठेवली नाही. ‘बाहेरचं नको, आपल्या माणसाच्या हातचंच हवं’ या वाक्यातला ‘आपला माणूस’ कोण, हे बोलणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावं.

इतकं मंडन केल्यावर खरे आक्षेप मांडणं मला भागच आहे. ते खोट्या आक्षेपांखाली दबून गेले आहेत. पहिला वीज. फ्रीझर उणे १८ वर राहील तरच वरचं सगळं खरं. वीज गेली, पाकीट वितळलं, वीज आली, पुन्हा गोठलं, तर जंतूंना मधल्या वेळात हवं ते मिळालेलं असतं. थंडी त्यांना थांबवते, मारत नाही. पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले, आतले तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, तर ते घेऊ नये. दुसरा मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे साधारण दोन हजार मिलिग्रॅम सोडियमची आहे. पाकिटामागच्या तक्त्यात सोडियम लिहिलेलं असतं, ते या आकड्याशी ताडून पाहावं. तिसरा सर्वांत गंभीर. केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत वीस जणांवर केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला: अतिप्रक्रिया केलेला आहार मिळाला तेव्हा तीच माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती. रोजच्या रोज असं खाणं घातक आहे, हे मी मान्य करते. पण त्यात दोषी गोठवणं नाही. दोषी पाककृती आहे. घरी केलेलं बटाट्याचं सारण पावात भरून फ्रीझरात ठेवा, त्याला हा तिसरा आक्षेप लागू होत नाही.

चवीबद्दलही एक. पाव चामड्यासारखा आणि सारण जीभ पोळणारं, असं होतं कारण बर्फ त्या लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भरपूर; जो भाग आधी वितळतो तो उकळू लागतो, शेजारचा गोठलेलाच राहतो. म्हणून निम्म्या शक्तीवर सावकाश वितळवा आणि शेवट तव्यावर करा. कंपन्या यासाठी पाकिटात अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला पुठ्ठा घालतात, तो तापून पाव भाजतो. आपल्याकडे बिडाचा तवा आहे.

आई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या सुनेच्या फ्रीझरात सँडविचं असतात, आणि ती संध्याकाळी सात वाजता संगणकावर काम करत असते तेव्हा माझा मुलगा ती तव्यावर परततो. गावातल्या टीकाकारांना माझी विनंती आहे: पाकीट उलटं करा, सोडियम वाचा, बर्फाचे खडे दिसले तर दुकानदाराला परत द्या आणि त्याला जाबही विचारा. ते विकत घेणाऱ्या बाईला मात्र आळशी म्हणू नका.