रेडॉनमापन, मृदेतील
रेडॉनमापन, मृदेतील : जमिनीतील रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे प्रमाण मोजून सक्रिय विभंगांचा (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक अद्याप सरकत आहेत अशा भेगांचा) माग काढण्याची व भूकंपाची पूर्वचिन्हे तपासण्याची पद्धती. युरेनियमाच्या क्षयमालिकेत रेडियमापासून रेडॉन–२२२ निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य ३·८२ दिवस असल्यामुळे केवळ विसरणाने तो जमिनीतून फार तर काही मीटर अंतर कापतो. परंतु विभंगाच्या चुरडलेल्या पट्ट्यातून कार्बन डाय-ऑक्साइडासारखे वायू वर येत असल्यास त्यांच्याबरोबर तो अधिक खोलीवरून येऊ शकतो. ताणामुळे खडकात सूक्ष्म भेगा पडल्या की, तो अधिक प्रमाणात मुक्त होतो, अशी या पद्धतीमागील कल्पना आहे.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते ताश्कंदच्या भूकंपाने (२६ एप्रिल १९६६). तेथील एका खोल विहिरीच्या पाण्यातील रेडॉन आधीची काही वर्षे वाढत गेला होता व भूकंपानंतर तो उतरला. हे मापन भूजलाचे होते. तथापि त्यामुळे मृदेतील वायूच्या अभ्यासासही चालना मिळाली. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रिअस विभंगालगत ची-यू किंग यांनी १९७५ नंतरच्या काळात उथळ छिद्रांत आल्फा कणांचे माग टिपणारी प्लास्टिकची पटले ठेवून नोंदी घेतल्या. साधन स्वस्त होते; अर्थ लावणे मात्र कठीण ठरले. पाऊस, वातावरणीय दाब, तापमान व मृदेचा ओलावा यांनुसारही रेडॉनचे प्रमाण बदलते आणि एका जोरदार पावसाने होणारा फरक भूकंपाचे चिन्ह म्हणून सहज खपून जातो.

विभंगाची जागा हुडकण्यास मृदेतील वायूंचा चांगला उपयोग होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) भूपृष्ठावर उमटलेल्या भेगेवर हीलियम या दुसऱ्या वायूचे असाधारण प्रमाण आढळले होते. वेळेची गोष्ट निराळी. कोबेच्या भूकंपापूर्वी (१७ जानेवारी १९९५) भूजलातील रेडॉन नेहमीच्या दहापटींहून अधिक वाढून ८ जानेवारीस शिखरास पोहोचला होता. परंतु त्याचा अर्थ लागला तो भूकंप होऊन गेल्यावर.

इटलीत मार्च २००९ मध्ये एका तंत्रज्ञाने रेडॉनच्या नोंदींवरून सुल्मोना येथे मोठा भूकंप होईल, असा इशारा दिला. तेथे तो झाला नाही. ६ एप्रिल रोजी सु. ५० किमी. दूरच्या लाक्विला शहरात भूकंप होऊन तीनशेंहून अधिक माणसे दगावली. त्या इशाऱ्यावरून स्थलांतर केले असते, तर भलतेच गाव रिकामे झाले असते, हे त्यावेळच्या वादात पुष्कळदा विसरले गेले. यानंतर इटालियन शासनाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालानुसार रेडॉनसह कोणत्याही पूर्वचिन्हावरून भूकंपाचे विश्वसनीय भाकीत करता येत असल्याचे सिद्ध झालेले नाही.