भूमिकाखेळांतील काळोख

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि संवादांतून कथा रचत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत क्रौर्य, हिंसा व अघोरी विद्या यांना स्थान असावे काय, हा अमेरिकेतील जुना वाद आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सैतानी पात्रांमुळे १९८० च्या दशकात धार्मिक गट व काही पालक खवळले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द गाळण्यात आले. ती पात्रे पुढे नव्या नावांनी परतली. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ने रक्तपिपासूची भूमिका खेळाडूलाच दिली आणि माणुसकी गमावण्याची भीती हाच खेळाचा गाभा केला. २००२ मध्ये ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’ हे पुस्तक प्रौढांसाठी असल्याच्या सूचनेसह निघाले. मात्र सोबत बसलेल्यांपैकी कोणाला काय असह्य होईल, हे अशा सूचनेतून कळत नाही. यासाठी जॉन स्टॅव्हरोपुलोस यांनी ‘एक्स-कार्ड’ सुचविले. टेबलावरील या कार्डाला कोणीही स्पर्श केला, की कारण न विचारता तो प्रसंग वगळला जातो. काळोखाची मर्यादा त्यामुळे खेळणारेच ठरवू शकतात.