मधुमेह आणि स्वादुपिंडातील द्वीपके : एका कल्पनेचा इतिहास

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केलेले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल सांगितला आहे. या रोगाचे मूळ कोणत्या अवयवात आहे, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनिर्णीतच राहिला.

१८६९ साली पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने बर्लिन येथील आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या लहान समूहांचे वर्णन केले. त्यांचे कार्य त्याने सांगितले नाही. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्यास मधुमेह जडला. १८९३ मध्ये लागेस याने त्या समूहांना लांगरहान्सचे नाव दिले व ते अंतःस्राव निर्माण करीत असावेत, असे अनुमान केले. १९०१ मध्ये यूजीन ओपी याने मधुमेही मृतांच्या द्वीपकांत काचाभ द्रव्य साचल्याचे दाखविले. अशा रीतीने रोग व द्वीपके यांचा संबंध प्रथमच सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

तथापि संबंध म्हणजे कारण नव्हे. इन्शुलीन द्वीपकांतच निर्माण होते, याचा ठळक पुरावा मासळीने दिला. खारदांड्याच्या कोळीवाड्यात उतरणाऱ्या मुशी व पाकट या कास्थिमत्स्यांत द्वीपके ग्रंथीत मिसळलेली असतात. उलट अनेक अस्थिमत्स्यांत ती मुख्य ग्रंथीपासून वेगळी, एकत्र गोळा झालेली आढळतात. १९२२ मध्ये मॅक्लाउड याने अशाच मत्स्यांच्या द्वीपकांचा अर्क काढला. त्यात इन्शुलीन मिळाले, पाचकरस स्रवणाऱ्या भागात ते मिळाले नाही.

पुढे एका रोगाचे दोन रोग झाले. १९६५ मध्ये ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स याने बालवयातील रोग्यांच्या द्वीपकांत लसीकापेशींचा शिरकाव व बीटा पेशींचा ऱ्हास दाखविला. प्रौढांच्या रोगातील ओपीचे काचाभ द्रव्य हे अमिलिन नामक प्रथिनाचे बनलेले आहे, हे १९८७ मध्ये कळले. २००३ मध्ये बटलर व सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांवरून दाखविले की, प्रौढ मधुमेहात बीटा पेशींचे प्रमाण स्थूल रोग्यांत सुमारे ६३ टक्के, तर कृश रोग्यांत ४१ टक्के घटलेले असते. म्हणजे दोष केवळ इन्शुलिनाला दाद न देणाऱ्या स्नायूंचा नव्हे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील तुल्य गटात ते ३.५ किलो होते. बालके लहान, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली! पुढे २०२२ मध्ये, तरुण वयात मधुमेह झालेल्या पुण्याच्या रुग्णांत इन्शुलिनाची तीव्र उणीव असलेला गट प्रमुख असल्याचे याच परंपरेतील संशोधनात दिसून आले.

पुण्याचा हा पुरावा रक्ताचा आहे, ऊतकाचा नव्हे, हे विसरता कामा नये. जिवंत रोग्याचे स्वादुपिंड सहसा तपासता येत नाही आणि मृत्यूनंतर ते स्वतःच्याच पाचकरसांनी लवकर विघटित होते. म्हणून आपल्या रोग्यांत बीटा पेशी मुळातच थोड्या असतात की पुढे नष्ट होतात, याचा निर्णय रक्तावरून लागणार नाही. तो लावावयाचा तर वेळेवर केलेले शवविच्छेदन व जतन केलेले ऊतक हवे; आणि उपचाराची दिशाही त्या निर्णयावरच अवलंबून आहे. थोड्या जन्मणाऱ्या पेशींचा उपाय मातेच्या पोषणात शोधावा लागेल, नष्ट होणाऱ्यांचा रोग्याच्या शुश्रूषेत.