आजारपणाचा पगार : एक हक्क, एक इतिहास

बजाजनगरची वस्ती वाळूज एमआयडीसीच्या शिफ्टवर जगते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ लहान-मोठे कारखाने आले आणि गावोगावची आपली माणसं इथे वसली. हातावर पोट असलेल्या घरात ताप आला की औषधाच्या आधी खाड्याची काळजी लागते. खाडा पडला की पगार कापणारच, हे आपण धरूनच चालतो. परंतु आजारी कामगाराला पगार मिळावा का आणि तो कोणी द्यावा, हा वाद फार जुना आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यात मोलाची भर घातली आहे.

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात स्त्री कामगारांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकही त्यातून सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला : विमा सक्तीचा असावा आणि तो वर्गणीतून चालावा. यामागचा हिशेब साधा आहे. आजारपणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला, तर तो अशक्त माणसाला कामावरच घेणार नाही. तोच खर्च सगळ्यांच्या निधीतून झाला, तर कुणाच्या मेहेरबानीची गरज उरत नाही.

एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

या योजनेत पगाराच्या ०.७५ टक्के कामगार भरतो आणि ३.२५ टक्के मालक. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात, वेगळ्या अटींवर, ही मदत आणखी वाढते.

तरी वाद मिटलेला नाही. पगार मिळू लागला तर लोक खोटे आजारी पडतील, असे म्हणणारे आजही आहेत. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. २०१७ साली पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. त्यावरचा कामगार योजनेबाहेर राहतो. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तर हे छत्रच नाही. आणि कंत्राटी पोरांना अधूनमधून ब्रेक मिळतो, मग ७८ दिवस भरायचे कसे?

म्हणून बंधू-भगिनींनो, पगाराची स्लिप जपून ठेवा. विमा क्रमांक घरातल्या माणसांना सांगून ठेवा. कंत्राटदाराने वर्गणी भरली का, हे विचारा. त्याने भरली नाही तर ती जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण रोज म्हणतो. आपला कायदा समजून घेणे हेही त्या शिकण्यातच येते.

जय भीम!